खांदेरीचा दीप

सन १८६७ मध्ये आपल्या मुलखाशी निगडित अशी दोन कामे पुरी झाली. त्यांपैकी एक रेल्वेच्या दप्तरात दाखल झाले आणि दुसरे बंदराच्या. त्यामुळे त्या दोहोंत काही अनुबंध असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग भुसावळहून वऱ्हाडातून पुढे सरकत त्या वर्षी नागपूरला जाऊन पोहोचला. आणि त्याच वर्षी मुंबई बंदराच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर असलेल्या खांदेरी बेटावर, शिवछत्रपतींनी बांधविलेल्या दुर्गाच्या तटांच्या आत, एका अष्टकोनी मनोऱ्याच्या माथ्यावर दीप प्रज्वलित झाला. समुद्रापासून इतक्या आत, तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या भुसावळच्या वाचकाने त्या दीपाची वास्तपुस्त कशासाठी करावी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर येथल्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाने कधीच देऊन ठेवले आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा इंग्लंडमधील व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली, आणि आपल्या शिवारातील मालाचा भाव सातासमुद्रांपलीकडच्या लिव्हरपूलच्या बाजारात ठरतो हे खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पूर्वी कधी नव्हे इतक्या तीव्रतेने जाणवले. त्यापूर्वी हा माल बैलगाड्यांतून नि बैलांच्या पाठीवरून, वाटेतील धूळ आणि अवकाळी पाऊस सोसत, मोठ्या कष्टाने घाट उतरत असे. १८६५ मध्ये कसाऱ्याच्या घाटातून आगगाडी धावू लागली, भुसावळला एक फाटा खांडव्याच्या दिशेने तर दुसरा नागपूरच्या दिशेने फुटला, आणि दाबून आवळलेल्या कापसाच्या गाठी थेट मुंबईच्या धक्क्याजवळ उतरू लागल्या. परंतु गाठ मुंबईस पोहोचली म्हणजे तिचा प्रवास संपला असे नव्हते. तो तेथून खऱ्या अर्थाने सुरू होत असे, आणि त्या प्रवासातील जोखीम लोहमार्गावरील जोखमीहून कितीतरी मोठी होती.

मुंबईचे बंदर प्रशस्त आणि सुरक्षित आहे खरे, पण त्याच्या मुखाशी निसर्गाने खडकांचा कडक पहारा बसविला आहे. उत्तरेस कुलाब्याच्या टोकापासून पाण्याखाली पुढे गेलेली खडकांची रांग, दक्षिणेस थळ-अलिबागच्या किनाऱ्यालगतची उथळ जागा, आणि या दोहोंच्या मधून जहाजाने आत शिरावयाचे. स्वच्छ हवेत हे काम अनुभवी कप्तानास अवघड नसे. पण जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला, आकाश भरून आले, आणि सूर्य किंवा तारा पाहून आपले स्थान निश्चित करण्याचा मार्गच खुंटला, म्हणजे केवळ वेग आणि दिशा यांच्या अंदाजावर विसंबून किनाऱ्याकडे यावे लागे. अशा अंदाजात थोडी चूक झाली तरी काय अनर्थ ओढवतो, याचा दाखला जून १८४० मध्ये मिळाला. ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजे मुंबईच्या मुखाशी येऊन खडकांवर फुटली आणि अनेक माणसे बुडाली. कुलाब्याला दीपगृह त्याआधीच होते. परंतु बंदराच्या एकाच बाजूस दिवा असून भागत नाही, दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला किनारा दृष्टीस पडण्यापूर्वीच आपण कोठे आहोत हे कळावे लागते. त्या दृष्टीने खांदेरीइतके मोक्याचे ठिकाण दुसरे नव्हते.

हे मोक्याचेपण इंग्रज अभियंत्यांनी शोधून काढले असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी ते एका मराठी राजाने ओळखले होते. एकीकडे जंजिऱ्याचा सिद्दी आणि दुसरीकडे मुंबईचे इंग्रज यांच्या मध्ये हे ओसाड बेट पडलेले होते, आणि ते ज्याच्या ताब्यात जाईल त्याला मुंबईच्या मुखावर नजर ठेवता येईल, हे शिवाजी महाराजांनी हेरले. सन १६७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे समुद्रात वावरण्यास नाखूश असत, तेव्हा मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि सामानसुमान घेऊन बेटावर उतरला आणि त्याने बांधकामास हात घातला. मुंबईकर इंग्रजांनी हे बेट आपले असल्याची तक्रार केली, धमक्या दिल्या, आणि त्यांचा काही उपयोग होत नाही असे पाहून नाकेबंदीसाठी गलबते पाठविली. १९ सप्टेंबर रोजी बेटावर उतरण्याचा प्रयत्न करताना त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

पुढे १८ ऑक्टोबरला जे युद्ध झाले ते आपल्या आरमाराच्या इतिहासात बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. दौलतखानाच्या हाताखालील मराठी गलबते पहाटे नागावच्या बाजूने निघून इंग्रजांच्या ताफ्यावर चालून आली. वारा मंद होता; शिडावर विसंबणारी इंग्रजांची जहाजे जागच्या जागी रेंगाळत होती, आणि वल्ह्यांच्या जोरावर चालणारी मराठी गलबते पाहिजे तिकडे वळत होती. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने थोड्याच वेळात निशाण उतरविले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. इंग्रजांची छोटी गलबते मागे हटली. मिंचिन आणि केग्विन हे दोघे अधिकारी असलेले ‘रिव्हेंज’ हे जहाज मात्र एकटे ठाम उभे राहिले आणि त्याच्या तोफांनी अखेरीस मराठी ताफ्यास नागोठण्याच्या खाडीकडे माघार घेण्यास भाग पाडले. दिवसाच्या लढाईचा निकाल असा इंग्रजांकडे झुकलेला दिसतो. पण बेटावरची रसद बंद करणे हा त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता, आणि तो साधला नाही. अंधाऱ्या रात्री, उथळ पाण्यातून, इंग्रजांच्या जड जहाजांना जेथे जाताच येत नसे अशा वाटांनी, लहान होड्या दगड, चुना आणि धान्य घेऊन बेटावर जातच राहिल्या आणि तट उंच होतच राहिला. सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाणे घातले, तरीही १६८० च्या आरंभी इंग्रजांना तह करून खांदेरी मराठ्यांची असल्याचे मान्य करावे लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण का आहे, हे खांदेरीचा हा प्रसंग वाचला म्हणजे पुरते उमगते.

कान्होजी आंग्र्यांच्या कारकीर्दीत खांदेरीचा दरारा कळसास पोहोचला. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठ्या तयारीनिशी या बेटावर स्वारी केली आणि तीत त्याला अपयश आले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर मात्र बेट इंग्रजांच्या अमलाखाली गेले, तोफा मूक झाल्या, शिबंदी उठली. परक्या जहाजांना ज्या बेटाच्या नावाने धडकी भरे, त्याच बेटाकडे पुढे अर्धशतक लोटण्याच्या आतच त्या जहाजांचे कप्तान अंधारात आशेने पाहू लागले. इतिहासाने एखाद्या स्थळाची भूमिका इतक्या पुरेपणी पालटल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील.

आता त्या मनोऱ्याकडे वळू. खांदेरी बेटावर दोन टेकड्या आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडील, अधिक उंच टेकडीवर दीपगृह आहे. खाली रक्षकांच्या निवासाची दगडी वास्तू, आणि तिच्यातून वर उठलेला, पाऊणशे फुटांच्या आसपास उंचीचा मनोरा. टेकडी आणि मनोरा मिळून दीप समुद्रसपाटीपासून सुमारे ५० मीटरवर येतो. ही उंची हौसेखातर घेतलेली नसते. पृथ्वी गोल असल्यामुळे किनाऱ्यावरचा दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली गेला की दिसेनासा होतो. म्हणून तो जितका उंच तितका दूरवरून दिसतो. याचे गणित कोणाही विद्यार्थ्यास करता येईल इतके सोपे आहे. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढावे आणि त्यास सुमारे २.०८ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत मिळते. ५० चे वर्गमूळ ७ हून किंचित अधिक. तेव्हा दीपाचे क्षितिज साधारण १४.७ सागरी मैलांवर. जहाजावरचा पाहणारा ९ मीटर उंचीवर उभा असेल तर त्याचे स्वतःचे क्षितिज सुमारे ६.२ मैल. दोहोंची बेरीज २१ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ३९ किलोमीटर; भुसावळहून जळगाव ओलांडून बऱ्याच पुढे जावे इतके हे अंतर आहे. इतक्या लांबून दिसलेला दिवा कप्तानाच्या हाती विचार करण्यास कित्येक घटिका देतो.

पण उंची हे अर्धेच काम झाले. पूर्वीच्या दीपगृहांतील तेलाच्या ज्योतीचा बहुतेक प्रकाश आकाशात नि जमिनीकडे वाया जाई. आरशांनी तो समुद्राकडे वळविण्याचे प्रयत्न झाले, तरी आरसे स्वतःच पुष्कळसा प्रकाश गिळून टाकीत. या अडचणीतून ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने वाट काढली. प्रकाशाच्या तरंगस्वरूपाविषयीच्या संशोधनासाठी ज्याचे नाव पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात येते, तोच हा फ्रेनेल. त्याने असा विचार केला की, मोठे बहिर्वक्र भिंग प्रकाश एकवटते ते त्याच्या पृष्ठभागाच्या वक्रतेमुळे. आतली जाड काच केवळ वजन वाढविते. तेव्हा ती आतली काच काढून टाकावी आणि पृष्ठभागाची वक्रता तेवढी पायऱ्यापायऱ्यांनी, एकात एक अशा कड्यांच्या रूपाने ठेवावी. पुढे या भिंगाच्या वर आणि खाली त्रिकोणी लोलकांच्या रांगा बसवण्यात आल्या. त्यांत शिरलेला किरण आतल्या आत परावर्तित होऊन आडवा बाहेर पडतो. अशा रीतीने वर, खाली नि भोवती विखुरणारा प्रकाश एका आडव्या पट्ट्यात किंवा झोतात गोळा होतो. १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ या जुन्या दीपगृहात असे भिंग प्रथम बसविले गेले. चार वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, क्षयाने फ्रेनेलचे निधन झाले. परंतु जगातल्या बहुतेक महत्त्वाच्या किनाऱ्यांवर त्याची काच पोहोचल्यावाचून राहिली नाही.

हे भिंग पाहण्यासाठी भुसावळकराला समुद्राकाठी जाण्याचीही गरज नाही. आपल्या यार्डात जे रंगीत सिग्नल उभे आहेत, त्यांच्या काचेवर जवळून नजर टाकली तर वर्तुळाकार पायऱ्या स्पष्ट दिसतात; तीच फ्रेनेलची कल्पना, लहान आकारात. दिवा साधाच, पण त्याचा प्रकाश इंजिनचालकाच्या दिशेने एकवटला जात असल्यामुळे भर दुपारच्या खानदेशी उन्हातही तांबडा तांबडा नि हिरवा हिरवा दिसतो. विजेचे सिग्नल येण्यापूर्वी हात खाली-वर होणाऱ्या सिग्नलच्या खांबांवर रॉकेलचे दिवे असत, आणि बत्तीवाला संध्याकाळी शिडी चढून ते लावी, वात कापी, काच पुसून लख्ख करी. दीपगृहरक्षकाचे आणि या बत्तीवाल्याचे काम जातीने एकच होते: ज्यांना आपण कधी पाहिले नाही आणि जे आपल्याला कधी पाहणार नाहीत, अशा प्रवाशांसाठी काळजीने दिवा राखणे. या सेवेची थोरवी आपण पुरेशी मानलेली नाही, असे मला मनापासून वाटते.

दीपगृहरक्षकाच्या दिनचर्येतील एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. सूर्योदयानंतर दीप मालवला की त्याचे काम संपत नसे; भिंगाभोवती जाड पडदे ओढून घेणे हे त्याचे पहिले कर्तव्य. जे भिंग रात्री मधल्या ज्योतीचा प्रकाश बाहेर फेकते, तेच दिवसा बाहेरचे ऊन आत एकवटते, आणि पडदा राहून गेला तर दिव्याची यंत्रणा तापून जळू शकते. मग लोलक मऊ कापडाने एकेक करून पुसावयाचे, पितळ घासावयाचे, तेल मोजावयाचे, हवेची नोंद वहीत करावयाची. ज्या दीपगृहांत भिंग फिरते असे, तेथे मनोऱ्याच्या पोकळीतून खाली उतरणाऱ्या वजनाच्या ओढीने ते फिरे, आणि वजन तळाशी पोहोचण्यापूर्वी ते हाताने पुन्हा वर गुंडाळावे लागे. रात्री झोप लागून चालत नसे. भिंग फिरते ठेवण्यामागे हेतू असा की, प्रत्येक दीपगृहाचा प्रकाश ठरावीक सेकंदांच्या अंतराने आणि ठरावीक वेळा लकाकावा, व तो मोजून कप्तानाने नकाशाशी ताडून पाहावा. खांदेरीसारख्या बेटावर या कष्टांत एकांताची भर पडे. पावसाळ्यात समुद्र खवळला की थळहून होडी येणे बंद, आणि मग साठविलेला शिधा नि बेटावरच्या टाक्यांतील पाणी हाच आधार.

बेट मात्र रक्षकांखेरीज अगदी निर्मनुष्य कधीच नव्हते. तेथे वेताळाचे स्थान आहे. थळ आणि आसपासच्या कोळी समाजाची त्यावर गाढ श्रद्धा असून मासेमारीसाठी जाणाऱ्या होड्या त्याला मान देऊन पुढे जातात. लोखंडी चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या जुन्या तोफा अजून तेथे आहेत. एक मोठी शिळा अशी आहे की, तिच्यावर दगडाने आघात केला असता धातूच्या भांड्यासारखा स्वच्छ नाद निघतो. मुले ती वाजविल्याशिवाय परत फिरत नाहीत.

पुढे बेटाच्या जोडीला मुंबईच्या मुखावर आणखी दिवे आले. १८७५ मध्ये टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याच्या देखरेखीखाली कुलाब्याच्या खडकांच्या टोकावर प्राँग्ज दीपगृह उभे राहिले. कोकणपट्टीवर देवगडच्या किल्ल्यात १९१५ मध्ये, जयगडला १९३२ मध्ये, कोर्लईला १९५५ मध्ये दीपगृहे झाली. कोकणपट्टीवरच्या या प्रत्येक नावाशी एकेक किल्ला जोडलेला आहे, याकडे वाचकाने लक्ष द्यावे. समुद्राकडे पुढे घुसलेली, उंच आणि चहूबाजूंनी दृष्टी पोहोचणारी जागा किल्लेदाराला हवी असते, तशीच ती दीप लावणाऱ्यालाही हवी असते.

या सर्व व्यवस्थेस कायद्याचे रूप १९२७ च्या दीपगृह अधिनियमाने मिळाले, आणि १९२९ पासून प्रमुख दीपगृहे मध्यवर्ती सरकारच्या ताब्यात आली. २१ सप्टेंबर हा दिवस त्या अधिनियमाच्या आठवणीसाठी दीपगृह दिन म्हणून पाळला जातो. १९९८ मध्ये खांदेरी बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२१ साली जुन्या अधिनियमाची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि त्यात प्रथमच असे कलम आले की, सरकारला एखादे दीपगृह वारसा दीपगृह म्हणून जाहीर करता येईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, आणि त्यांत खांदेरी आहे. खानदेशच्या वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याच यादीत साल्हेरही आहे: जो बागलाण पूर्वी खानदेशात मोडत असे त्यातील, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, ज्याच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला.

येथे मला एक मत स्पष्टपणे मांडावयाचे आहे. किल्ल्याचा गौरव होऊ लागला की, त्यातील नंतरच्या काळातल्या वास्तू उपऱ्या वाटू लागतात. इंग्रजी अमदानीतला मनोरा मराठी दुर्गात कशाला, असे म्हणणारेही भेटतात. ही दृष्टी मला मान्य नाही. खांदेरीचे महत्त्व ज्या भौगोलिक स्थानामुळे आहे, त्याचीच साक्ष तट आणि दीपगृह ही दोन्ही देतात. मायनाक भंडाऱ्याने जी जागा निवडली ती किती अचूक होती, हे पुढे प्रतिपक्षाने तेथेच दीप लावून मान्य केले. शिवाय या मनोऱ्याच्या प्रकाशात ज्यांचा माल सुखरूप गेला त्यांत आपले शेतकरी होते, आणि पुढे जे खलाशी त्याच्या आधाराने घरी परतले त्यांत आपले कोळी नि भंडारी होते. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि दीप केंद्राच्या यंत्रणेकडे, ही आजची वाटणी कारभाराच्या सोयीची असेल. पण जतनाचा आराखडा मात्र एकच असावा, आणि त्यात तटाच्या दगडाइतकीच मनोऱ्याच्या दगडाची, तोफेइतकीच दीपगृहातील जुन्या सामग्रीची आणि वेताळाच्या स्थानाइतकीच रक्षकांच्या निवासाची दखल घेतली जावी. उपग्रहांच्या साहाय्याने मार्ग काढणाऱ्या आजच्या जहाजांना दीपगृहाची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही, हे खरे. आणि म्हणूनच ही सामग्री भंगारात निघण्याचा धोका आजच अधिक आहे.

भुसावळ, जळगाव आणि धुळ्याच्या शाळांच्या सहली साल्हेरला जातात, रायगडला जातात. त्या एकदा खांदेरीलाही न्याव्यात, ही माझी शिक्षकांना विनंती आहे. होडी थळच्या किनाऱ्यावरून मिळते. पावसाळ्यात जाऊ नये, दीपगृह पाहावयाचे असल्यास खात्याची परवानगी आधी मागून ठेवावी, आणि निघण्याची वेळ मात्र घड्याळाप्रमाणे न ठरविता भरती-ओहोटी पाहून थळचा कोळी सांगेल तीच धरावी.